हौसेला मोल नाही, म्हणजे नक्की काय?

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. कुणी लेकीच्या लग्नात ऐपतीबाहेर खर्च केला की म्हणतो, कुणी गणपतीच्या माटोळीसाठी रानोमाळ हिंडून दोनशे जिन्नस गोळा केले तरी म्हणतो. या म्हणीचे दोन अर्थ होतात, आणि ते एकमेकांच्या अगदी उलटे आहेत, हे मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एक अर्थ असा की हौस अमूल्य आहे, तिची किंमत पैशात होत नाही. दुसरा अर्थ असा की हौसेने केलेल्या कामाचे पैसे द्यायचे नसतात! पहिला अर्थ हौस करणारा मनात धरतो आणि दुसरा अर्थ त्याच्याकडून काम करून घेणारा. गंमत आहे की नाही?

हा विषय सुचायचं कारण घरचंच आहे. मी सरकारी कारकून. मराठी घेऊन बी.ए. झालो, खात्याची परीक्षा दिली आणि फायलींच्या ढिगाऱ्यात जाऊन बसलो, त्याला आता वीसेक वर्षं झाली. पण शाळेत असल्यापासून मला एक नाद आहे, अक्षरं काढायचा. आमच्या वाड्यावर देवळात नाटक असलं की त्याचा फलक मी लिहिणार, हे ठरलेलं. सूत मारून रेघा आखायच्या, खडूने अक्षरांचा अंदाज घ्यायचा, मग सपाट ब्रशाने एका झटक्यात वेलांटी फिरवायची. जात्रेचा फलक, भजनी सप्त्याचा फलक, शाळेच्या स्नेहसंमेलनाची प्रमाणपत्रं, कुणाच्या मुंजीची पत्रिका, निवृत्त होणाऱ्या साहेबांचं मानपत्र... तीस वर्षं हे चालू आहे. बदल्यात मिळालेला ऐवज म्हणजे नारळ, शाली आणि ‘बाबा, तुझं अक्षर म्हणजे मोती!’ हे वाक्य.

आता वय शेहेचाळीस. मुलगी कॉलेजात गेली, घराच्या कर्जाचे हप्ते संपत आले आणि गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवाच प्रश्न लोक विचारू लागलेत. “तुम्ही ऑर्डरी घेता काय?” कुणाला नव्या घरावर देवनागरीत नाव हवं असतं, कुणाला लग्नपत्रिका हाताने लिहिलेली हवी असते. कॉम्प्युटरची अक्षरं बघून बघून लोकांना हाताच्या अक्षराची भूक लागली असावी. ते पैसे द्यायला तयार आहेत. अडखळतो तो मीच.

आणि हे फक्त माझं नव्हे. तुमच्या कार्यालयात नजर फिरवा. कुणी पेटी वाजवतो, कुणी चतुर्थीच्या आधी महिनाभर रजा काढून चित्रशाळेत गणपती रंगवतो, कुणी बेबिंका अशी करते की डिसेंबरात तिचा फोन थांबत नाही. चाळिशी ओलांडलेल्या या सगळ्यांच्या मनात एकच घोळ चालू असतो. आयुष्यभर हौस म्हणून केलं ते आता धंदा म्हणून करावं की नाही? केलं तर हौस उरेल का? आणि लोक काय म्हणतील?

लोक काय म्हणतील हा प्रश्न आपल्या गोव्यात जरा जास्तच टोकदार आहे. कारण ‘हौशी’ हा शब्द आपल्याकडे कमीपणाचा नाही, मानाचा आहे. महाराष्ट्रात ‘हौशी नट’ म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात एक पायरी खाली उतरवतो. आपल्याकडे गावोगावच्या देवळांसमोर रात्र रात्र संगीत नाटकं उभी राहिली ती हौशी नटांच्याच जिवावर. दिवसा दुकानदार, मास्तर, बसचा कंडक्टर, पोस्टमन; रात्री धैर्यधर आणि अश्विनशेठ. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरणारी मंडळी आजही दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला येतात. त्यांना कुणी ‘धंदेवाईक’ म्हटलं तर ती शिवी वाटेल. मराठीत ‘धंदेवाईक’ या शब्दाला जो वास आहे तो व्यावसायिक या शब्दाला नाही, हेही लक्षात घ्या.

पण आपल्याच लोकांचं एक उदाहरण आपण सोयीस्करपणे विसरतो. मुंबईतल्या गोवेकरांनी १९१९ साली काढलेली ‘धी गोवा हिंदु असोसिएशन’. तिचा कला विभाग हौशी मंडळींचा. स्पर्धेत नाटकं करणारी ही माणसं पुढे तिकीट लावून नाटकं करू लागली. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘मत्स्यगंधा’, ‘नटसम्राट’ ही नाटकं रंगभूमीवर आणली ती याच संस्थेने. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग डिसेंबर १९७० मधला. तिकीट लावलं म्हणून कुणी त्यांना हौस सोडल्याचा दोष दिला नाही. उलट संस्थेने समाजकार्यात लक्ष घातलं आणि फोंड्याजवळ बांदिवड्याला वृद्धांसाठी ‘स्नेहमंदिर’ उभं केलं. म्हणजे हौस, पैसा आणि चांगुलपणा या तिन्ही गोष्टी एका छपराखाली नांदू शकतात, याचा दाखला आपल्या घरातच आहे. मग एकट्यादुकट्या माणसाने पैसे मागितले की आपल्याला का खुपतं?

या प्रश्नाचा मला थोडाफार उलगडा झाला तो गोव्यात नव्हे, भोपाळला.

एका कार्यालयीन प्रशिक्षणासाठी भोपाळला जाणं झालं. गोवा एक्सप्रेस वास्कोहून निघते ती लोंढा, बेळगाव, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी करत आपल्याला भोपाळला नेऊन सोडते. प्रशिक्षण कसलं होतं ते विचारू नका. सगळी प्रशिक्षणं सारखीच असतात. पण मध्ये एक रविवार मिळाला आणि मी श्यामला टेकड्यांवर गेलो. तिथे मोठ्या तलावाच्या काठावर ‘भारत भवन’ आहे. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी त्याचं उद्‌घाटन झालं. इमारत चार्ल्स कोरिया यांची. हो, तेच आपले कोरिया, मूळ गोव्याचे, ज्यांनी कांपालला मांडवीकाठी कला अकादमी बांधली! रस्त्यावरून बघाल तर भारत भवन दिसतच नाही. टेकडीच्या उतारात अंगणं खाली खाली उतरत जातात आणि दालनं त्या अंगणांच्या पोटात आहेत. कला अकादमीतही इमारतीचा बडेजाव नाही, नदीकडे जाता जाता आपण तिच्यातूनच चालत जातो. पाण्याच्या काठावर कला आणून ठेवायची आणि दरवाजा मोठा करायचा नाही, ही कोरियांची रीत. गोवेकराला तिथे परकं वाटत नाही.

या इमारतीच्या बांधकामावर एक भिल्ल बाई मजूर म्हणून काम करत होती. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावची. नाव भुरीबाई. नवऱ्याबरोबर मजुरीसाठी भोपाळला आलेली, हिंदी धड येत नव्हती. चित्रकार जगदीश स्वामीनाथन हे भारत भवनच्या ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयाचे पहिले संचालक. त्यांनी तिथल्या मजूर बायकांना विचारलं, तुमच्या घरी भिंतीवर काय काढता ते इथे काढून दाखवाल का? भुरीबाईने पुढे अनेक मुलाखतींतून सांगितलं आहे की तिला पहिली काळजी पडली ती मजुरीची. चित्रं काढत बसले तर माझं काम कोण करणार? तेव्हा मजुरी होती दिवसाला सहा रुपये. स्वामीनाथन यांनी चित्र काढायचे दहा रुपये देऊ केले. नुसतं बसून रंग भरायचे आणि दगडमाती वाहण्यापेक्षा जास्त पैसे मिळायचे, यावर तिचा विश्वासच बसेना.

पुढे ती भोपाळच्या आदिवासी लोककला अकादमीत कलाकार म्हणून कामाला लागली. २०२१ साली तिला पद्मश्री मिळाली. त्याच श्यामला टेकड्यांवर २०१३ साली सुरू झालेलं जनजातीय संग्रहालय आहे, तिथल्या भिंतीवर तिने स्वतःची जीवनकथा रंगवली आहे. त्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभा होतो. ठिपक्यांची झाडं, ठिपक्यांची जनावरं, ठिपक्यांची माणसं.

मंडळी, सहा रुपये आणि दहा रुपये. मला त्या दिवसापासून हे दोन आकडे सोडत नाहीत. आपण, म्हणजे पगारदार माणसं, ‘मी पैशासाठी करत नाही हो’ असं ज्या अभिमानाने म्हणतो, तो अभिमान कुठून येतो? महिन्याच्या शेवटी खात्यावर पगार जमा होतो म्हणून येतो. हौस निर्मळ ठेवायला कुणीतरी दुसऱ्याने तांदूळ भरावे लागतात. आपल्या बाबतीत ते सरकार भरतं. भुरीबाईच्या बाबतीत ते कुणीच भरत नव्हतं. तिने पैसे घेतले म्हणून तिची चित्रं हलकी झाली का? उलट पैसे मिळाले नसते तर ती दगड वाहत राहिली असती आणि चित्रं तिच्या हातातच राहिली असती.

कुणी म्हणेल, अहो पण ही हौस कुठे? ही तर त्यांची परंपरा. मुद्दा बरोबर आहे, म्हणून जरा खोलात जाऊ. भिल्लांत पिथोरा नावाचं जे पूजेचं चित्र असतं, घोड्यांचं, ते नवस फेडण्यासाठी असतं. ते काढणारा पुरुष असतो, त्याला ‘लिखंदरा’ म्हणतात. पिथोरा काढत नाहीत, ‘लिहितात’ (हे ऐकून माझ्यासारख्या अक्षरवेड्याला किती आनंद झाला असेल!). बायकांना ते चित्र लिहायचा अधिकार नाही. म्हणजे समाजाने ज्याला ‘काम’ मानलं, ज्याला विधीचा मान दिला, ते पुरुषांचं. बायका सणावारी घराच्या भिंतीवर जे काढत ते मात्र नुसतं घरचं, आवडीचं, बिनमोलाचं. आपल्याकडची रांगोळीच म्हणा ना. भारत भवनात मोल मिळालं ते त्या बिनमोलाच्या चित्रांना. हौस म्हणजे काय आणि काम म्हणजे काय, ही रेघ देवाने आखलेली नाही. ती आपण आखतो आणि बहुधा आपल्या सोयीने आखतो. घरी बाईने केलेले लाडू हौस. हॉटेलात पुरुषाने केले की धंदा.

भोपाळची दुसरी कथा परधान गोंडांची. परधान हे गोंडांचे भाट. बाना नावाचं वाद्य वाजवून ते आपल्या गोंड यजमानांच्या वंशाच्या आणि देवांच्या कथा गात आणि त्यावर त्यांचं पोट चाले. यजमान गरीब झाले तसं हे दानही आटलं. १९८१ साली स्वामीनाथन यांनी गावोगाव पाठवलेल्या तरुणांच्या एका तुकडीला आजच्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढ गावात एका घराच्या भिंतीवरची चित्रं दिसली. काढणारा होता विशीतला जनगढ सिंह श्याम. त्याला भोपाळला आणलं, हातात कागद आणि रंग दिले. १९८९ साली त्याची कला पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पोचली. भोपाळचं विधानभवन, तेही कोरियांनीच बांधलेलं, त्याच्या भिंतींवर जनगढची चित्रं आहेत. त्याच्या घरी पाटनगढची पोरं येऊन राहू लागली, रंग भरता भरता शिकू लागली, आणि आज जिला आपण सरसकट ‘गोंड चित्रकला’ म्हणतो तिला जाणकार ‘जनगढ कलम’ म्हणतात.

त्या पोरांतला एक भज्जू श्याम, नात्याने जनगढचा पुतण्या. सोळाव्या वर्षी भोपाळला आला. रात्रपाळीचा वॉचमन झाला, इलेक्ट्रिशियनचं काम केलं. १९९३ पासून काकाच्या चित्रांत बारीक नक्षी भरायला बसू लागला. पुढे लंडनच्या एका हॉटेलच्या भिंती रंगवायला गेला आणि त्या अनुभवावर ‘द लंडन जंगल बुक’ हे चित्रांचं पुस्तक २००४ साली आलं. बिग बेनच्या घड्याळाचा त्यात कोंबडा झालाय आणि भुयारी रेल्वेचं गांडूळ! २०१८ साली पद्मश्री. वॉचमनची रात्रपाळी करून आलेल्या माणसाला ‘दुपारी थोडी झोप काढ, चित्रं कसली काढतोस’ असं कुणी म्हटलं असतं तर ते चूक ठरलं असतं का? त्या वेळी तरी नाही.

तिसरं नाव जोधैयाबाई बैगा. उमरिया जिल्ह्यातल्या लोढ़ा गावच्या. नवरा लवकर गेला, मोलमजुरी करून मुलं वाढवली. शांतिनिकेतनात शिकून आलेले आशीष स्वामी गावात चित्रांचा वर्ग चालवत, त्यांच्याकडे त्यांनी ब्रश हातात धरला तेव्हा त्यांचं वय सत्तरीला टेकलं होतं. २०१९ साली त्यांची चित्रं इटलीतल्या मिलान शहरात लागली, २०२३ साली पद्मश्री मिळाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या. चाळिशीत ‘आता उशीर झाला हो’ म्हणून उसासे टाकणाऱ्या आम्हा कारकुनांनी हे नाव टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवायला हरकत नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, हा गृहस्थ नोकरी सोडून ब्रश घेऊन निघालाच! थांबा. कारण जनगढची कथा पॅरिसला संपत नाही. २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयासाठी करारावर चित्रं काढत असताना, घरापासून हजारो मैलांवर, त्याने आत्महत्या केली. वय चाळीसही नव्हतं. एका माणसाच्या मृत्यूवरून सोपा धडा काढू नये, तो त्याच्यावर अन्याय होईल. पण एवढं मात्र म्हणतो, की भिंतीवर मनात येईल तेव्हा चित्र काढणं वेगळं आणि ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या जागी, दुसऱ्याच्या भिंतीसाठी काढणं वेगळं. हात तोच, रंग तेच, पण दिवस आपला राहत नाही. भोपाळच्या दुकानांतून आज गोंड चित्रं मांडलेली दिसतात. शिंगांची झाडं झालेलं हरीण तर जिथे तिथे. लोकांना तेच हवं असतं म्हणून तेच काढलं जातं. काढणाऱ्याला बिचाऱ्याला कधी वाटत असेल, आज रेडा काढावा. पण खपतं हरीण!

हा हौसेला मोल मिळण्यातला खरा धोका. पैसा घाणेरडा आहे हा धोका नव्हे. पैसा देणारा हळूहळू तुमच्या मनातलं चित्र ठरवू लागतो, हा धोका. मोल ठरलं की माप येतं, माप आलं की तक्रार येते, तक्रार आली की आपण तक्रार न येणारं काम करू लागतो.

आता जरा सरकारी माणसाच्या चष्म्यातून बघू. चष्मा उतरवता येत नाही, काय करणार! आम्हाला केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू आहेत. त्यातला पंधरावा नियम फार मजेशीर आहे. पूर्वपरवानगीशिवाय सरकारी नोकराने व्यापार-धंदा करायचा नाही, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच नियमात पुढे म्हटलंय की साहित्य, कला किंवा विज्ञान या स्वरूपाचं प्रासंगिक काम तो परवानगीशिवाय करू शकतो, कार्यालयीन कामाला बाधा येत नसेल तर. खेळांतही हौशी खेळाडू म्हणून भाग घेऊ शकतो. आणि आणखी पुढे गेलात की कळतं, खासगी माणसाकडून वा संस्थेकडून कामाची फी घ्यायची तर मात्र सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी हवी. बायकोच्या नावावर धंदा टाकून मोकळं होऊ म्हणाल तर तेही सरकारला कळवावं लागतं.

म्हणजे बघा, हौसेला मोल नाही ही आपली म्हण सरकारने जवळजवळ नियमातच घातली आहे! कला कर, खुशाल कर. पैसे घ्यायचे असतील तर अर्ज कर. बरेच जण या नियमावर चिडतात. मला मात्र तो चिडण्यासारखा वाटत नाही. ज्याच्या टेबलावर लोकांच्या फायली अडकू शकतात त्याने बाजूला दुकान मांडलं, तर फाईल सोडवायला येणारा माणूस त्याच्याकडून पत्रिकाही लिहून घेणारच, आणि घासाघीस न करता घेणार. त्याला मग अक्षर आवडलंय की सही हवीय, हे कोण ठरवणार? नियम आहे तो याच्यासाठी. शिवाय हा नियम प्रासंगिक कामाला वाट ठेवतो आणि फीसाठी रीतसर दार ठेवतो. त्या दारातून अर्ज घेऊन जायला आपल्याला लाज वाटते, कारण मग पाच जणांना कळतं की हा आपल्या अक्षराचे पैसे घेतो. चोरून घेतले तर चालतात, सांगून घ्यायचे म्हणजे संकोच!

आणि भारत भवन उभं करण्यात ज्यांचा सर्वात मोठा वाटा, ते अशोक वाजपेयी कोण? हिंदीतले नावाजलेले कवी, आणि पेशाने सनदी अधिकारी. फाईल आणि कविता एकाच माणसाच्या हातात राहू शकतात. आपल्याकडचं उलटं उदाहरण घ्यायचं तर कोंकणी लेखक दामोदर मावजो. त्यांनी मजोर्ड्याला दुकान चालवत चालवत कथा-कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांच्यासाठी ज्ञानपीठ गोव्यात आलं. दुकानामुळे लेखन बाटलं नाही. गल्ल्यावर बसणाऱ्याला माणसं दिसतात, एवढाच काय तो फरक पडला असेल.

आता सर्वात अवघड मुद्दा, आणि मला वाटतं तो आपण कुणीच धड बोलत नाही. हौशी माणूस फुकट काम करतो तेव्हा त्याचं नुकसान होतं की नाही हे सोडा. ज्याचं पोट त्याच कामावर आहे त्याचं काय होतं? प्रत्येक शहरात बाजाराच्या कोपऱ्यावर एक पेंटर असायचा. दुकानांच्या पाट्या, ट्रकांचे नंबर, निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आला आणि त्याचं बहुतेक काम गेलं. उरलं काय? देवळाचा फलक, शाळेचं नाव, हाताची पत्रिका, म्हणजे जिथे लोकांना अजून हाताचंच अक्षर हवं असतं तेवढं. आणि तिथे पगारी हौशी माणूस एका नारळावर काम करून देणार! गिऱ्हाईक पेंटरला सांगणार, “चार अक्षरांना एवढे पैसे? आमचा अमुक तर फुकट लिहून देतो.” पेटी वाजवणाऱ्यांचं तेच, केक करणाऱ्या बायकांचं तेच. म्हणजे आपण ज्याला निःस्वार्थ म्हणतो, ते कुणाच्या तरी ताटातलं असू शकतं. म्हणून माझं मत असं झालंय, की बाजारातल्या कामाला बाजारातला दर सांगणं हा हौशी माणसाचा लोभ नव्हे, ती व्यावसायिकाशी राखलेली सभ्यता आहे. आणि दर सांगताना पेंटरच्या खाली जायचं नाही.

मग देवळाच्या फलकाचेही पैसे घ्यायचे? नाही. इथे आपल्या चित्रशाळांकडे बघा. चतुर्थीच्या आधी आपण पाट नेऊन देतो आणि चवथीच्या आदल्या दिवशी मूर्ती घेऊन येतो. जुनी माणसं तिथे घासाघीस करत नाहीत. पैसे दिले जातात, पण ते देण्याची एक रीत आहे आणि घेण्याचीही. मूर्तिकाराला मोल मिळतं, मूर्तीला किंमत लागत नाही. मला तर ही आपली गोमंतकीय शहाणपणाची गोष्ट वाटते. सगळंच विकायचं नाही आणि सगळंच फुकट वाटायचं नाही. कुठलं काम कुठल्या खात्यात जातं ते आधी ठरवायचं. कारकुनाला खाती ठरवणं तरी जमायला हवं!

माझी खाती सांगतो. देव, गाव, शाळा आणि मयताच्या घरचं काम, हे बिनमोल. त्यात कुणी पाकीट दिलं तरी परत. कुणाची हौस, कुणाचं घर, कुणाचा धंदा, त्यासाठीचं काम मोलाने. आधी दर सांगून, निम्मे आगाऊ घेऊन, मुदत कागदावर लिहून, आणि खात्याची मंजुरी हातात आल्यावरच. ज्याचं काम माझ्या टेबलावर आहे त्याची ऑर्डर अजिबात नाही, कितीही आवडतं काम असलं तरी. महिन्याला दोन कामांच्या वर नाही, कारण तिसऱ्या कामापासून हात थकतो आणि वेलांटी चुकते. आणि तिसरं खातं सर्वात महत्त्वाचं: आठवड्यातला एक तास असा, की जे अक्षर कुणीच मागितलेलं नाही ते काढायचं. विकायचं नाही, द्यायचंही नाही. जनगढच्या गावातल्या भिंतीसारखं. ते खातं रिकामं पडलं तर पहिली दोन खातीही फार दिवस चालणार नाहीत, असं मला वाटतं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा कामासाठी केवढा हा हिशेब! दोन पत्रिका लिहून तुझा कुठला बंगला होणार आहे? नाही होणार. पण प्रश्न बंगल्याचा नाहीच. निवृत्तीला चौदा वर्षं उरली. ‘साहेब’ म्हणणारे लोक त्या दिवशी संध्याकाळी पाच पंचेचाळीसला म्हणायचे थांबतात, हे मी दर वर्षी कुणा ना कुणाच्या निरोप समारंभात बघतो (मानपत्र मीच लिहिलेलं असतं). दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या हातात काय असतं? वर्तमानपत्र. ज्याने चाळिशीतच आपल्या हाताला दुसरं काम लावून ठेवलं, ज्याला परक्या माणसाने दाद दिली आणि दामही दिला, त्याची सकाळ वेगळी जाते. ओळखीच्या माणसाची दाद गोड असते, पण ती ओळखीमुळे आहे की कामामुळे हे कळत नाही. अनोळखी माणूस खिशात हात घालतो तेव्हा कळतं.

तेव्हा हौसेला मोल नाही असं यापुढे कुणी म्हटलं, तर त्याला विचारावं, बाबा, यातला कुठला अर्थ तुझ्या मनात आहे? अमूल्य हा अर्थ असेल तर आनंद आहे. नारळ ठेव आणि चहा घेऊन जा. फुकट हा असेल, तर दर असा आहे, आणि निम्मे आगाऊ.